आमची वाटचाल: फॉरमॅट न मारता चालवलेला धंदा

घरच्या स्टुडिओतलं सॉफ्टवेअर अडलं की लोक आम्हाला फोन करतात, हाच आमचा धंदा. रेकॉर्डिंग आम्ही करत नाही, मिक्सिंग करत नाही, प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) विकत नाही. आवाज कडकडतोय, प्रोजेक्ट उघडत नाही, कीबोर्डची पट्टी दाबली की सूर उशिरा येतो, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) दिसतोय पण सिग्नल नाही, असल्या कामांसाठी आम्ही. आणि फोन बहुतेक वेळा गायक माइकसमोर येऊन उभा राहिल्यावरच येतो.

सुरुवात विंडोज सेव्हनच्या काळातली. मी आणि माझा मावसभाऊ. तो वायरिंग, सोल्डरिंग बघायचा, मी ड्रायव्हर (कॉम्प्युटरकडून हार्डवेअर चालवून घेणारे प्रोग्राम) आणि सॉफ्टवेअर. पुढे त्याने दुसरी लाइन धरली, पण त्याने घालून दिलेली शिस्त अजून पाळतो: कारण सापडेपर्यंत मशीनमध्ये काहीही बदलायचं नाही. ह्या एका नियमामुळे आम्हाला गिऱ्हाइकं मिळाली आणि ह्याच नियमामुळे एकदा फर्म बंद पडायची वेळ आली, म्हणून ते नीट सांगतो.

ह्या धंद्यात बहुतेकांची पद्धत एकच. कडकड आली, ड्रायव्हर काढा, परत टाका. नाही गेली तर फॉरमॅट मारा. फॉरमॅटनंतर कडकड जातेही कधीकधी, पण ती कशामुळे होती ते कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला तोच वायफायचा नाहीतर ग्राफिक कार्डचा ड्रायव्हर परत येऊन बसला की परत तेच रडगाणं. आम्ही आधी लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर लावून मशीन तसंच चालू ठेवतो, कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय ते त्यात नावानिशी दिसतं. वायफाय असेल तर वायफाय बंद करून परत बघायचं. लॅपटॉपवर पॉवर प्लॅन आणि यूएसबीचं सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबीवरची वस्तू झोपवणारी सेटिंग) बघायचं. एका वेळी एकच गोष्ट, दोन बदलल्या की कुठल्या बदलाने काम झालं ते कळत नाही.

आमच्या बॅगेत सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू म्हणजे पाव इंची जॅकची एक साधी आखूड केबल. इंटरफेसच्या आउटपुटमधून ती इनपुटमध्ये घालायची, एका ट्रॅकवर क्लिक वाजवायची आणि तीच क्लिक दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायची. ड्रायव्हर जेवढा उशीर सांगतो तेवढा सॉफ्टवेअर स्वतःच वजा करतं, त्यामुळे दोन्ही क्लिक एकाखाली एक यायला पाहिजेत. दुसरी मागे पडली तर ड्रायव्हर खोटं सांगतोय. झूम करून सॅम्पल (आवाजाची एकेका क्षणाची नोंद) मोजायचे, ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नोंदी असताना, ४८ सॅम्पल म्हणजे १ मिलिसेकंद, आणि तेवढा आकडा रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरायचा. कितीतरी गायकांना ‘तुम्ही तालात नाही’ म्हणून ऐकून घ्यावं लागलंय आणि दोष ह्या आकड्याचा होता. हे बघून माझा जीव तुटतो.

पहिली काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग एक जण आला. नाव घेत नाही, ह्या लाइनमधल्यांना कळेल. त्याच्याकडे एक पेनड्राइव्ह असायचा, त्यात शेकडो क्रॅक केलेले, म्हणजे लायसन्स तोडलेले, प्लगइन आणि ‘विंडोज फास्ट’ करणारी स्क्रिप्ट. एका दुपारी सगळं टाकून द्यायचा आणि वर सांगायचा, आधीच्या लोकांनी मशीनची वाट लावलीय, मी सुधारून दिलं. आधीचे लोक म्हणजे आम्ही. गिऱ्हाइकाला डोळ्यासमोर लांबच लांब प्लगइनची यादी दिसते, आम्ही मात्र तासभर एक आलेख बघत बसलेले दिसतो. कुणाचं काम जास्त वाटणार?

आमचा एक मोठा गिऱ्हाईक होता, संगीतकार, रीपर ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करायचा. आम्ही त्याचा ऑडिओ ड्रायव्हर अपडेट करून, लूपबॅक (वर सांगितलेली केबलची चाचणी) तपासून, सगळं वाजवून दाखवून आलो. त्यानंतर तो पेनड्राइव्हवाला तिथे जाऊन आला. पुढे एका रात्री अख्ख्या अल्बमचा प्रोजेक्ट उघडेना, लोड होता होता मशीन गोठायचं. पेनड्राइव्हवाल्याने निदान केलं, ड्रायव्हर अपडेटने विंडोज खराब झालंय, फॉरमॅट. आणि संगीतकाराने शंभरेक लोकांच्या ग्रुपवर आमच्या फर्मचं नाव घेऊन लिहिलं की ह्यांना बोलावू नका, ह्यांनी माझा अल्बम घालवला.

फोन थांबले. नवे तर नाहीच, जुन्यांनीही बोलावणं बंद केलं. त्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकची नवी सिस्टिम कॅटालिना आली, ३२ बिटचं काहीही चालेनासं झालं, ज्यांनी घाईने अपडेट केलं त्यांचे जुने प्लगइन गेले, आणि त्याचाही राग आमच्यावरच. वास्तविक आम्ही प्रत्येक मॅकवाल्याला आधीच कळवलं होतं की हातातलं काम संपेपर्यंत आधीच्या सिस्टिमवर, मोहावेवरच राहा. जागेचं भाडं थकलं, मदतनीस मुलाला सांगावं लागलं की दुसरीकडे बघ.

तरी मी त्या संगीतकाराला फोन करून म्हटलं, फॉरमॅट मारायच्या आधी फक्त प्रोजेक्टची फाइल आणि एक तास द्या. दिला त्याने, नाखुशीने. रीपरमध्ये प्रोजेक्ट उघडताना खाली एक खूण करता येते, सगळे इफेक्ट, म्हणजे ट्रॅकवर लावलेले प्लगइन, ऑफलाइन ठेवून उघडायचं, रिकव्हरी मोड. तसं उघडलं आणि अल्बम समोर. एकही टेक गेलेला नव्हता, एकही एडिट हललेलं नव्हतं. मग इफेक्ट ऑनलाइन आणायचे होते, ट्रॅकवर ट्रॅक, भरपूर होते, म्हणून निम्मे निम्मे करत गेलो. निम्मे चालू केले, गोठलं नाही, म्हणजे दोष उरलेल्या निम्म्यात. परत त्यांचे निम्मे. हजार प्लगइन असले तरी ह्या पद्धतीने दहा फेऱ्यांत एकावर येता. आम्ही आलो एका रिव्हर्बवर, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या प्लगइनवर. पेनड्राइव्हमधून आलेला, क्रॅक केलेला. तो काढून त्याच रिव्हर्बची कंपनीच्या साइटवरची ट्रायल टाकली, तेच प्रीसेट लावलं, प्रोजेक्ट एका दमात उघडला. आम्ही टाकलेला ड्रायव्हर जागच्या जागी होता, त्याला हातही लावला नाही.

संगीतकार ‘थँक्यू’ म्हणाला. ग्रुपवर मात्र त्याने एक ओळ लिहिली नाही. मी दोनदा विनंती केली, ‘बघतो’ म्हणाला. तो जुना मेसेज आजही तिथेच आहे आणि नवीन कुणी आमची चौकशी केली की कुणीतरी तोच पुढे ढकलतं. काम करून दाखवल्यावरही खोटं तसंच राहतं, हे मला आजही सहन होत नाही.

त्या दिवसांत आम्हाला धरून ठेवलं ते बाईंनी. बाई गाणं शिकवतात, शिष्यांसाठी घरीच क्यूबेस ह्या सॉफ्टवेअरवर पाठ रेकॉर्ड करतात. बाईंची एक वही आहे, त्यात प्रत्येक बिघाड तारखेसकट: काय उघडं होतं, कशावर क्लिक केलं, स्क्रीनवर आलेला मेसेज अक्षर न अक्षर उतरवलेला. असा गिऱ्हाईक आमच्या लाइनमध्ये दुर्मिळ. पहिल्यांदा गेलो तेव्हा वहीत लिहिलेलं होतं, ‘तानपुरा उतरला.’ काळी पाचवर लावलेला तानपुरा सॉफ्टवेअरमध्ये काळी चार आणि पांढरी सहाच्या मध्ये कुठेतरी लागत होता. आमच्या आधी तोच पेनड्राइव्हवाला येऊन गेला होता आणि त्याने बाईंना सांगितलं होतं की वयाने कानाला तसं वाटतं.

बाईंच्या कानाला काहीही झालेलं नव्हतं. शिष्येने पाठवलेली तानपुऱ्याची फाइल ४८ किलोहर्ट्झची, प्रोजेक्ट ४४.१ चा. फाइल आत घेताना क्यूबेस विचारतं, प्रोजेक्टप्रमाणे बदलून घेऊ का, तिथे ‘नको’ दाबलं गेलेलं. मग फाइल हळू वाजते, साठ सेकंदांची पासष्टची होते आणि सूर जवळजवळ दीड सेमीटोन (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) खाली येतो. बाईंनी नुसत्या कानाने सांगितलेला फरक गणिताशी जुळत होता. फाइल बदलून घेतली, तानपुरा लागला, बाईंनी सा लावला आणि मी तिथेच बसून पूर्ण पाठ ऐकला. ग्रुपवर आमची बदनामी झाल्यावर त्याच बाईंनी आपल्या प्रत्येक शिष्याला आमचा नंबर दिला, आणि त्या शिष्यांवर आम्ही ते वर्ष काढलं.

मग २०२० आलं, सगळं घरातच, आणि घरोघरी स्टुडिओ झाले. आम्ही लांबून काम करायला शिकलो. स्क्रीन शेअर करून सेटिंग दिसतात, पण त्यातून आलेल्या आवाजावरून कडकड आहे की नाही हे ठरवायचं नाही, तो आवाज इंटरनेटवरून दाबून आलेला असतो. मुलगा परत कामावर आला, आता तो माझ्यापेक्षा चांगलं निदान करतो.

आता हे वाचणाऱ्यांसाठी थोडं, विचारलेलं नाही तरी सांगतो. रेकॉर्डिंगला बफर (कॉम्प्युटर एका वेळी किती सॅम्पल हाताळतो तो आकडा) १२८ किंवा त्याखाली, मिक्सिंगला १०२४, एकच आकडा दोन्हीला ठेवून मशीनला शिव्या देऊ नका. ४८ किलोहर्ट्झला २५६ बफर म्हणजे एका बाजूने साधारण ५.३ मिलिसेकंद, जाताना आणि येताना मिळून दुप्पट, वर इंटरफेसमधल्या कन्व्हर्टरचा थोडा. बफर कमी करूनही उशीर जात नसेल तर मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या ट्रॅकवर) लिमिटर किंवा लिनिअर फेज ईक्यू असले प्लगइन आहेत का बघा, त्यांचा उशीर बफरने कमी होत नाही, रेकॉर्डिंगपुरते काढून ठेवा. गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटापर्यंत वेव्ह फाइल करून वेगळ्या डिस्कवर ठेवा, प्लगइन उद्या नसेल, वेव्ह उघडेल. आणि रीपरची प्रोजेक्ट फाइल साधी टेक्स्ट असते, नोटपॅडमध्ये उघडून कुठली ऑडिओ फाइल कुठल्या फोल्डरमध्ये शोधतोय ते वाचता येतं, त्यामुळे ‘मीडिया मिसिंग’ आलं की घाबरून काहीही डिलीट करू नका.

आम्हाला फोन करण्याआधी एवढं तयार ठेवा: इंटरफेसचं मॉडेल, सिस्टिमचं व्हर्जन, सॅम्पल रेट, बफर, आणि बिघाड सुरू व्हायच्या आधी शेवटचं काय टाकलं किंवा अपडेट केलं. कडकडीचा दहा सेकंदांचा तुकडा वेव्हमध्ये रेकॉर्ड करा आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉइस मेसेज करून पाठवलात तर त्यातून आम्हाला काहीच सांगता येणार नाही.