गाडी ऑइल खाते म्हणून लगेच इंजिन खोलू नका भाऊ

नागपूरजवळच्या वाडीत ट्रान्सपोर्टवाल्यांच्या कोणत्याही टपरीवर उभं राहा आणि नुसतं म्हणा की गाडी ऑइल खाऊन राहिली, चहा यायच्या आत चार जण निदान करून देतात, पिस्टनच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिन (म्हणजे इंजिन खोलून रिंगा-लायनर बदलणं) करून घे. बॉनेट उघडून कोणी पाहिलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच की इंजिन खोलणं हे सगळ्यात शेवटचं काम आहे, त्याच्या आधी डोळ्याने, बोटाने आणि एखाद-दोन पान्यांनी भरपूर कळतं.

आधी खाते किती ते तर बघा. ड्रायव्हर म्हणतो "भल्ली खाते साहेब", मालक डबा आणून देतो, हिशोब कोणाजवळच नाही. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं झाल्यावर डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढायची, दरवेळी तशीच, आणि टाकलेलं ऑइल डिझेलच्याच वहीत लिहायचं. मोठ्या डिझेल इंजिनात १०० लिटर डिझेलमागे अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल गेलं तर साधारण कोणी घाबरत नाही, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधे बघा. आणि मॅक्सच्या खुणेच्याही वर भरायची सवय असेल तर ती सोडा, जास्तीचं ऑइल क्रँक घुसळतो आणि ते ब्रीदरवाटे (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे) बाहेर जातं, मग परत बोंब की गाडी ऑइल खाते.

मग लिकेज. टॅपेट कव्हर, फिल्टर, चेंबरचं (खालच्या ऑइलच्या टाकीचं) पॅकिंग, मागचं क्रँक सील, जिथे ओलं तिथे धूळ चिकटून काळा थर बसतो. इंजिन धुऊन एक फेरी मारून आणा, लगेच दिसतं.

यानंतर जे कोणी बघत नाही ते म्हणजे एअर ब्रेकचा कंप्रेसर. त्याला ऑइल इंजिनातूनच जातं, त्याच्या रिंगा घासल्या की ते हवेसोबत टँकमधे जातं आणि धूर तर अजिबात निघत नाही. एअर टँकचा ड्रेन कॉक उघडून खाली पांढरा पुठ्ठा धरा. थोडं पाणी, किंचित चिकटपणा चालतो, पण काळं ऑइल पचकन पडलं तर तुमचं अर्धं कोडं सुटलं, आणि हे काम इंजिनाच्या मानाने किती स्वस्तातलं आहे ते सांगायला नको.

टर्बोबद्दल (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो तो) जरा सविस्तर लिहितो कारण इथे लोकांचे खूप पैसे जातात. इंटरकूलरच्या (ती हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात ऑइल दिसलं की टर्बो बदला असं सांगतात, नवा बसवतात, थोड्या दिवसांनी तोही ऑइल फेकतो. अहो, चांगला टर्बोसुद्धा ऑइल फेकतो, एअर फिल्टर चोक असेल तर किंवा ऑइल परत खाली येणारा पाइप तुंबला असेल तर किंवा चेंबरमधे बॅक कॉम्प्रेशन (रिंगांवरून खाली उतरणाऱ्या गॅसचा दाब) वाढलेलं असेल तर. तेव्हा आधी हे तिन्ही बघा, मग टर्बोचं नाव घ्या. एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणारा होज काढला की आतून बोट फिरवा. बोटाला बारीक धूळ लागली तर क्लिप ढिली आहे नाहीतर होज फाटलाय, आणि ती धूळ सरळ लायनर-रिंगांना घासून राहिली. आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याची राखड नाहीतर उमरेडकडचा कोळसा वाहणाऱ्या टिप्परांचं हेच होतं, फिल्टर नवा आणि होज जुनाट. मे अखेरच्या नवतप्यात तर रबर आणखीच कडक होऊन तडकतं.

एवढं करूनही पत्ता लागला नाही तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढा, अजून हेडला हात लावायचा नाही. पोर्टांकडे, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर येतो त्या भोकांकडे, टॉर्च मारा. एकच पोर्ट ओला आणि बाकी कोरडे, तर गडबड त्याच सिलिंडरमधे. सगळे कोरडे पण टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप ओला, तर टर्बो. सगळेच ओले आणि ब्रीदरमधून भकभक धूर, चढावर लोड घेतल्यावर निळा धूर, तेव्हा मात्र रिंग-लायनरचं बोला. रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट करताना किंवा घाट उतरून एक्सिलेटर दाबल्यावर निळा भपकारा येऊन मग साफ होत असेल तर वॉल्व्हचे गाइड आणि सील बघा, तेवढ्यासाठी पिस्टन काढायची गरज नाही.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत निळ्या धुराची वाट बघत बसू नका, डीपीएफमुळे (सायलेन्सरकडे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमुळे) तो बाहेर फारसा दिसतच नाही. ऑइल जळून जी राख होते ती मात्र डीपीएफमधे साचते, काजळीसारखी रिजनरेशनमधे (फिल्टर तापवून काजळी जाळतात तेव्हा) जळत नाही. डीपीएफ नेहमीपेक्षा लवकर भरत असेल तर ऑइलची वही काढा, आणि कमी राखेचं सीके-४ ग्रेडचं ऑइल चालतं की कुठलं ते मॅन्युअलमधे बघूनच घ्या, बॅरलमधलं सुटं नको.

आणि जो मालक छातीठोकपणे सांगतो की माझी गाडी थेंबभरही खात नाही, उलट लेव्हल थोडी वर आलीय, त्याच्या गाडीची मला जास्त काळजी वाटते. इंजेक्टर किंवा इंजिनाच्या फ्युएल पंपाच्या सीलमधून डिझेल चेंबरमधे उतरत असेल तर ऑइल जळूनही पट्टीवर लेव्हल तेवढीच दिसते. डिपस्टिकचं ऑइल दोन बोटांत चोळा, वास घ्या. पातळ लागलं आणि डिझेलचा वास आला तर बेअरिंग जायच्या आधी गाडी उभी करा, ऑइल बदला आणि फ्युएल पंपाच्या मिस्त्रीला बोलवा.