पोकिप्सी : कार्पेंटर मावशींचं माहेर शोधताना

डॉ. आनंदीबाई जोशींच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला आहेत, हे आता पुष्कळांना माहीत आहे. मुलाबाळांकडे जर्सीत आलेली मराठी मंडळी तिथे जातात, फुलं ठेवतात, फोटो काढतात आणि परततात. आम्हाला मात्र शेजारच्या दगडांबद्दल कुतूहल होतं. आनंदीबाई ज्यांना मावशी म्हणत त्या थिओडिशिया कार्पेंटर राहायच्या न्यू जर्सीतल्या रोझेलला. मग 1887 मध्ये आनंदीबाई पुण्यात वारल्यावर गोपाळरावांनी पाठवलेल्या अस्थी पोकिप्सीला कशा? कारण ती जागा मावशींच्या माहेरची, एमी घराण्याची.

न्यूयॉर्क शहरातल्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून मेट्रो-नॉर्थ रेल्वेची हडसन लाइन धरा, पोकिप्सी हे शेवटचं स्टेशन. दोन तासांच्या आसपास लागतात. जाताना डावीकडे खिडकी पकडा, जवळजवळ सगळ्या वाटेवर नदी सोबत असते. गर्दीची वेळ टाळली तर तिकीट स्वस्त पडतं. पोकिप्सी रूरल सिमेट्री शहराच्या दक्षिणेला आहे, स्टेशनवरून सरळ टॅक्सी करा.

आवार भलं मोठं आणि चढउताराचं. आनंदीबाईंचा दगड 216-ए क्रमांकाच्या जागेत आहे. हा क्रमांक लिहून न्या, नुसतं नाव घेऊन हिंडलात तर दिवस जाईल. दगडावर त्यांची सनावळी, एम. डी. ही पदवी आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर कोरलेला आहे. तो वाचून झाला की तिथून हलू नका. भोवतीचे सगळे दगड, मागच्या बाजूसकट, टिपून घ्या. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन बाईचं माहेर शोधायला असा घराण्याचा दफनाचा तुकडा कागदपत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत झालंय. कागदात ती ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं नाव एवढीच उरते. इथे आई, बाप, भावंडं एका जागी सापडतात. (सवड असेल तर व्हॅसार कॉलेज काढणाऱ्या मॅथ्यू व्हॅसारची कबरही याच आवारात आहे, वर दगडी ओकफळ.)

आडनावाचं स्पेलिंग हा खरा ताप. ई-आय-जी-एच-एम-आय-ई हे एक. शेवटी वाय असलेलं दुसरं. आणि ई-एम-आय-जी-एच हे तिसरं. डचेस काउंटीत, म्हणजे पोकिप्सीच्या जिल्ह्यात, हे आडनाव जुनं आहे, त्यामुळे तिन्ही तऱ्हांनी शोधा आणि सापडलेला प्रत्येक माणूस आपलाच असं धरून चालू नका.

जनगणनेच्या नोंदी घरबसल्या फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट बघता येतात. फक्त खातं उघडावं लागतं. 1840 पर्यंतच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. घरातल्या बायका म्हणजे वयाच्या रकान्यातले आकडे! दहा ते पंधरा वर्षांच्या मुली, दोन, संपलं. 1850 पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं (गुलाम तेवढे वगळून), पण कोण कोणाचं कोण हे कळायला 1880 उजाडावं लागतं. 1890 चे कागद बहुतेक सगळे गेले, 1921 ची वॉशिंग्टनमधली आग त्याला कारणीभूत. त्यामुळे तिथे वीस वर्षांचं भगदाड आहे. न्यूयॉर्क राज्याची स्वतःची 1855 ची जनगणना मात्र चुकवू नका. त्यात जन्माची काउंटी आणि त्या गावात किती वर्षं राहिले हेही विचारलेलं आहे. जन्मदाखल्याच्या मागे लागू नका. राज्यभराची नोंदणी 1880 च्या सुमारास सुरू झाली, त्याआधीचं जे काही आहे ते बहुतेक चर्चच्या वह्यांत.

त्याहून मोलाची चीज म्हणजे बापाचं मृत्युपत्र. त्यात लग्न झालेल्या मुलींची नावं सासरच्या आडनावासकट येतात, म्हणजे माहेर आणि सासर एका ओळीत जोडलं जातं. पोकिप्सी हे काउंटीचं मुख्य ठिकाण, त्यामुळे वारसा-मृत्युपत्रांचं सरोगेट कोर्ट तिथेच, मार्केट स्ट्रीटवर. त्याच रस्त्यावर एड्रियन्स मेमोरियल लायब्ररी आहे, तिथे स्थानिक इतिहासाचा संग्रह आहे. आधी कळवून जा, आणि घराण्याचं नाव सांगण्याआधी साल आणि गाव सांगा, काम लवकर होतं.

दफनभूमीत जाताना पायभर पँट आणि मोजे घालाच. या भागातल्या गवतात गोचिड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. घरी आल्यावर अंग तपासून घ्या. बर्फाच्या दिवसांत जाऊ नका, दगड झाकले जातात.

रोझेलची फेरी वेगळ्या दिवशी ठेवा. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या रॅरिटन व्हॅली लाइनवर रोझेल पार्क स्टेशन आहे. जानेवारी 1883 मध्ये एडिसनने खांबांवरून तारा नेऊन हे गाव विजेने उजळवलं, आणि त्याच जूनमध्ये आनंदीबाई मावशींच्या घरी उतरल्या. म्हणजे कल्याणची ही बाई थेट जगातल्या अगदी पहिल्यावहिल्या विजेच्या गावांपैकी एकात राहायला आली होती!