"मॅडम, हे खरं आहे ना?"

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार म्हणजे आमच्या फार्मसीत दुपारपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. पण काउंटरच्या आत उभं राहणाऱ्याला एक गोष्ट बरोबर कळते. जे गिऱ्हाईक मागच्यांना "तुम्ही घ्या आधी" म्हणत पुढे सोडतं, त्याला चारचौघांत नाव घेता न येणारं औषध हवं असतं.

पेडण्याकडची एक तिशीतली बाई त्या दिवशी अशीच कोपऱ्यात थांबली होती. गर्दी सरल्यावर तिने दोन मिलीच्या सिरिंजा आणि सुया मागितल्या. कशासाठी, असं विचारलं तेव्हा पिशवीतून खोकी काढून तिने हळूच विचारलं, "मॅडम, हे खरं आहे ना?"

एचएमजीच्या १५० युनिटच्या कुप्या होत्या. अंडाशयात अंडी वाढवणारं हे इंजेक्शन. सोबत एचसीजीचं १०,००० युनिटचं एक अँप्युल, ज्याला पेशंट "अंडं फुटायचं इंजेक्शन" म्हणतात. सगळं ऑनलाइन मागवलेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर वय आणि पाळीची तारीख विचारून चिठ्ठी पाठवली होती. रोज एक कुपी आणि ठरलेल्या तारखेला मोठं इंजेक्शन. ती तारीख नेमकी त्या रात्रीची होती. टोचायला शेजारची नर्स येणार होती.

मी खोकी उलटसुलट करून पाहिली. डावीकडची लाल पट्टी, आरएक्सची खूण, उत्पादन परवान्याचा क्रमांक, कंपनीचा पूर्ण पत्ता. मग खोक्यावरचा बॅच नंबर कुपीवरच्या नंबराशी ताडला. बनावट माल पुष्कळदा इथेच उघडा पडतो, कारण खोकं एकीकडचं आणि कुपी दुसरीकडची असते. इथे दोन्ही जुळले. कुपीचं सीलही शाबूत होतं. बिलात मात्र विक्रेत्याचा परवाना क्रमांक नव्हता आणि फार्मासिस्टची सहीही नव्हती.

"औषध खरं दिसतंय," मी म्हटलं. तिचा चेहरा एकदम खुलला. तो खुललेला चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही, कारण पुढचं सगळं मला त्यानंतर सांगायचं होतं.

आधी पार्सलचं विचारलं. साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून, बर्फाशिवाय, बरेच दिवस फिरून आलं होतं. त्या अँप्युलवर स्पष्ट छापलं होतं: २ ते ८ अंश सेल्सियस. आमच्याकडे अशा औषधांचा फ्रिज वेगळा असतो. सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहायचं. खोकी फ्रीझरच्या कप्प्याला चिकटू द्यायची नाहीत, कारण गोठलं तरी औषध गेलं. पावसाळ्यात वीज गेली की पहिली धाव त्या फ्रिजकडे. गिऱ्हाइकाला देताना थर्मोकोलचा डबा, जेलपॅक आणि मध्ये कागद. एवढं जपूनही मी मे महिन्यात बसने लांब जाणाऱ्याला "संध्याकाळी या" म्हणते. उष्णतेने बिघडलेलं संप्रेरक डोळ्यांना दिसत नाही. पावडर तशीच पांढरी आणि सील तसंच घट्ट असतं. मग गुण आला नाही की बाईला वाटतं, दोष आपल्याच शरीरात आहे.

पण मला त्याहून जास्त भीती वाटत होती ती औषध चांगलं असण्याची. या उपचारात औषध म्हणजे निम्माच उपचार. उरलेला निम्मा सोनोग्राफीत असतो. दर एक-दोन दिवसांनी बीजकोष, म्हणजे अंडी वाढतात त्या अंडाशयातल्या बारीक पिशव्या, किती आणि केवढे झाले ते बघून डॉक्टर डोस कमी-जास्त करतात, आणि फार बीजकोष वाढले तर शेवटचं इंजेक्शन देतच नाहीत. दिलं तर अंडाशय सुजतात, रक्तवाहिन्यांतलं पाणी पोटात झिरपतं, लघवी कमी होते, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. एकाच वेळी तीन-चार गर्भ राहण्याचा धोका वेगळाच. हिची सोनोग्राफी एकदाही झाली नव्हती.

"पोट कसं वाटतंय, बाय?"

"दोन दिवस फुगल्यासारखं. नाडी बांधता येत नाही."

मी सिरिंजा दिल्या नाहीत. ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी संध्याकाळीच बोलावलं. दोन्ही अंडाशय मोठे झाले होते आणि बीजकोषांची गर्दी होती. एचसीजी रद्द केलं. रोज वजन बघायला आणि धाप लागली तर लगेच यायला सांगितलं.

न बघता ही चिठ्ठी लिहिणाऱ्याला मी डॉक्टर म्हणायला तयार नाही. आणि आमचा औषधांचा कायदा १९४० चा, नियम १९४५ चे. ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये निघाला, त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना विक्री थांबवायला सांगितलं, तरी पार्सलं घरपोच येतच आहेत. बिलाचा फोटो घेऊन मी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार केली.

"गोमेकॉत का गेली नाहीस?" असं मी तिला विचारलं होतं. गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी इस्पितळ. ती म्हणाली, "तिथे गावची माणसं भेटतात, मॅडम. घरी पोचायच्या आधी बातमी पोचते." यावर मला काही बोलता आलं नाही. आमच्या काउंटरवरसुद्धा पोरं चिठ्ठी मोठ्याने वाचतात. ते मी आता बंद केलंय. चिठ्ठीवर बोट ठेवायचं, नाव उच्चारायचं नाही.

आठवड्याने तिचा फोन आला, सूज उतरली होती. मी नवऱ्याच्या तपासणीचं विचारलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, इतकी इंजेक्शनं झाली होती, पण त्याची वीर्यतपासणी एकदाही नाही. ज्या जोडप्यांना मूल होत नाही, त्यांतल्या किती तरी जणांत पुरुषाकडेही कारण असतं. तपासणीला लागतो एक नमुना: दोन ते सात दिवस संबंध टाळायचा आणि नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा. सुई नाही, भूल नाही.

"सासूबाईंसमोर हे कसं काढू? तुम्हीच सांगा ना त्यांना."

मी म्हटलं, त्याला पाठव, आत स्टोअरमध्ये बसून बोलू. तो अजून आलेला नाही. या शुक्रवारी आला नाही, तर त्याचा नंबर मागून घेणार आहे.