उभी लक्ष्मी

फर्निचर लागलं, रंग झाला, पडदे चढले, की मला फोन येतो. "मॅडम, भिंती रिकाम्या वाटून राहिल्या, काही लावून द्या ना." भिंतींचं काम नेहमी शेवटी येतं, म्हणजे बजेट संपल्यावर. शिवाय बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं: हॉलमध्ये वास्तूवाल्यानं सांगितलेले सात धावते घोडे, बेडरूममध्ये राधाकृष्ण. मी तेही लावून देते. चित्राची रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश, खालची कड सोफ्याच्या पाठीपासून वीतभर वर, मोकळ्या भिंतीवर मध्य १४५ ते १५० सेंटिमीटरवर. एवढं सांभाळलं तरी घोडे बरे दिसतात.

नागपूरच्या बेसा भागातला तो फ्लॅट मात्र अजून डोक्यातून जात नाही. जुन्या महाल भागातला वाडा विकून कुटुंब इकडे आलं होतं. वाड्यातलं बहुतेक सामान भंगारात गेलं, एक तसबीर तेवढी आली. कमळावर उभी लक्ष्मी, बाजूला हत्ती, रविवर्म्याच्या चित्रावरून छापलेली. सूनबाईंना, म्हणजे ताईंना, ती सोफ्यावर 'विंटेज' म्हणून हवी होती. पहिला प्रश्न अर्थातच, "ओरिजिनल आहे का हो?"

रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. दगडावरून, एकेका रंगाचा वेगळा दगड वापरून, ही चित्रं छापली जात. माझ्या पर्समध्ये भिंग कायम असतं. आजच्या ऑफसेट छपाईत भिंगाखाली ठिपक्यांची आखीव जाळी दिसते, दगडी छपाईत ठिपके वेडेवाकडे, हातानं टाकल्यासारखे. इथे ते वेडेवाकडे होते. म्हणजे छपाई जुनी, दगडाचीच. पण छापखान्याचं नाव असतं तो खालचा समास कुण्या जुन्या फ्रेमवाल्यानं कापून टाकला होता, आणि अशा लक्ष्म्या इतर छापखान्यांनीही काढल्या. मी ताईंना तेवढंच सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. लोकांना चित्र नको असतं, सर्टिफिकेट हवं असतं.

इतवारीतल्या फ्रेमवाल्या चाचांच्या टेबलावर तसबीर उलटी केली. मागे कार्डबोर्ड नव्हता, साध्या लाकडाच्या फळ्या होत्या. जुन्या तसबिरी उघडताना मी आधी फळ्यांमधल्या फटी बघते. लाकडातलं आम्ल कागद करपवतं आणि फटीतून धूळ शिरते, त्यामुळे जिथे फट तिथे चित्रावर उभी तपकिरी रेघ उठते. इथे एक रेघ थेट देवीच्या गालाजवळून गेली होती. वर लक्ष्मीला सजवलेलं: लुगड्याला खरी जर, मुकुटाला टिकल्या, गळ्यात बारीक मणी, सगळं खळीनं चिकटवलेलं. पूर्वी घरोघरी बायका हे करायच्या. खळ म्हणजे कसरीचं जेवण, तेव्हा कडेनं कागद कुरतडलेलाही होता.

ताईंनी मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला फोटो पाठवला होता. तो म्हणाला, जर-टिकल्या काढा, चित्र 'क्लीन' करा, भाव येईल. काहीही बोलतो. खळ सोडवायला ओल लागते, आणि ओल लागली की छपाईवरचं वार्निश पांढरं पडतं, कधी रंगासकट उचलून येतं. सजवलेल्या प्रतींचे वेगळे शौकीन आहेत, हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

चित्र घरी परत नेलं तेव्हा आजी बाहेर आल्या, ऐंशीच्या पुढच्या. खुर्ची ओढून बसल्या आणि काच नसलेल्या चित्राजवळ बोट नेत म्हणाल्या, "हे वरचं सगळं सासूबाईंनी केलं. खालचा हा काठ माझा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी इतवारीतून आणला होता मी." मग ताईंकडे बघून, "हे काढून राहिले का तुम्ही?"

ताईंनी विषय बदलला. वास्तूवाले फोनवर म्हणाले होते, उभी लक्ष्मी घरात लावू नये, ती थांबत नाही, निघून जाते.

"बाई, माझ्या आधीपासून उभीच आहे," आजी म्हणाल्या. "गेली का कुठं?"

जर काढायचा विषय तिथे संपला. लावायची कुठे, हे राहिलं. आजींना देवघरात हवी होती. पण फ्लॅटचं देवघर म्हणजे आर्किटेक्टनं टीव्ही युनिटच्या कडेला कोंबलेला लॅमिनेटचा खण. आत समईची काजळी, उदबत्तीचा धूर, कागद चार वर्षांत काळा. सोफ्यामागची भिंत पश्चिमेची, आणि तिच्या शेजारच्याच खिडकीत कूलर. नागपूरबाहेरच्यांना हे सुचत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलर दिवसभर ओली हवा फेकतो, कागद फुगतो. कूलर बंद झाला की भिंतीच्या तापानं तोच कागद आकसतो. "फोटोला लाटा आल्या" असे फोन मला दर उन्हाळ्यात येतात.

शेवटी हॉल आणि देवघर यांच्यामधली आतली भिंत धरली. ऊन नाही, कूलरचा झोत नाही, आणि आजींच्या जेवणाच्या खुर्चीतून समोर दिसते. जुनी सागवानी फ्रेम ठेवली, फळ्या काढून आम्लरहित बोर्ड घातला, जर काचेला टेकू नये म्हणून कडेनं अर्ध्या इंचाची पट्टी. कागदाला ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, म्हणून चित्रावर उजेड टाकायला ताईंनी आणलेला पितळी दिवा परत करायला लावला.

तेवढ्यात आजींची अट आली: भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा तसबीर त्यांच्या मागे उभी करायची असते, म्हणजे दरवर्षी खाली यायला हवी. हे ऐकून मी खूशच झाले. तिरक्या कापलेल्या दोन पट्ट्या केल्या, एक भिंतीला, एक फ्रेमला. तसबीर वर उचलली की सुटते, ठेवली की बसते. भिंत हलक्या ठोकळ्यांची, त्यात स्क्रूसाठीचा साधा प्लग गोल फिरत राहतो. इलेक्ट्रिशियन पोरगा दोन वेळा "बस झालं मॅडम" म्हणाला. लांब नायलॉनचे प्लग मागवून मी परत ड्रिल करायला लावलं. हळदीकुंकू आता काचेवर लागतं. आजींची त्याला हरकत नाही.

अडकलं आहे ते वेगळंच. आजींच्या सासूबाईंची जर चांदीची होती, ती नुसती काळी पडली, कागदाला फारसं काही केलं नाही. आजींचा काठ खोट्या जरीचा, आत तांबं. ते हिरवं पडलंय आणि त्याखालचा कागद ठिसूळ होत चाललाय. चित्राला आज सगळ्यात जास्त त्रास त्याच काठाचा आहे. कागदाचं जतन करणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं फोनवर मला झापलं, "तांबं दिसलं आणि तू काच लावून बंद केलंस?" तिचं म्हणणं, दिवाळीनंतर उघड, काठ जिथे सुटलाय तिथे खाली पातळ जपानी कागद सरकव, बाकीचा सोडवायला मी येते.

करता येईल. पण मग आजींना सांगावं लागेल की का. ताई म्हणतात, "त्यांना कशाला सांगता? दुकानात नेऊन करून टाका, दिसायला तर तसंच राहील ना." मी अजून हो म्हटलेलं नाही. आजींशी बोलल्याशिवाय तसबीर उतरवणार नाही, एवढं मात्र ताईंना कळवलंय. त्यावर त्यांचा मेसेज आलेला नाही.