रिकामं मिनिट

परवा भर दुपारी मी कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून गात होतो. घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायची खोड ज्यांना आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. टांगलेले शर्ट आणि एक जुना कोट, यांच्यात आवाज अजिबात घुमत नाही. फक्त अंतऱ्यात ऐन वेळी डांबरगोळ्यांचा वास नाकात जातो.

माझी आणखी एक खोड म्हणजे गाण्याआधी मिनिटभर नुसतंच रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. तेवढा तुकडा सॉफ्टवेअरला दाखवला की ते खोलीची खरखर ओळखून गाण्यातून वजा करतं. खरं तर त्याला काही सेकंद पुरतात. मी मिनिट भरू देतो, आणि पुसत तर कधीच नाही. वर्षानुवर्षांची अशी रिकामी मिनिटं साठली आहेत. बायको म्हणते, तुमच्याकडे गाण्यांपेक्षा न गायलेलंच जास्त आहे.

परवाच्या मिनिटात मात्र गुणगुण होती. पलीकडच्या कारखान्याचा नवा ट्रान्सफॉर्मर. 50 हर्ट्झच्या विजेवर त्याचा लोखंडी गाभा सेकंदाला 100 वेळा किंचित ताणतो नि आकसतो, म्हणून तो 100 हर्ट्झला गुणगुणतो. पेटीवर शोधून पाहिलं. खर्जातल्या पांढरी पाचच्या जरा वर, दोन पट्ट्यांच्या फटीत. माझी पट्टी काळी एक. म्हणजे चोवीस तास तानपुरा मिळाला, तोही बेसूर.

लहानपणी घरात कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता. टॅस्कॅम कंपनीनं 1979 मध्ये पोर्टास्टुडिओ नावाचा, चार आवाज वेगवेगळे भरता येणारा कॅसेट रेकॉर्डर काढला आणि घरबसल्या आपल्याच आवाजावर आपला आवाज चढवायची सोय झाली, हे कळायला मला फार वर्षं लागली. आमच्याकडे एकच माइक आणि पाच भावंडं. पंखा बंद, खिडक्या बंद, धाकट्याला दारावर पहारा. प्ले आणि लाल बटण एकदम दाबायचं, म्हणून त्या कामाला दादा. ताई गायला लागायची आणि आम्ही घामाघूम होऊन श्वास धरून बसायचो. कॅसेटची मागची चिमटी मोडलेली असली की भोकावर चिकटपट्टी लावून कुणाचं तरी भाषण खुशाल पुसायचं.

ती कॅसेट अजून आहे. गंमत अशी, की ताई दोन ओळींमध्ये थांबली की टेपची खरखर फुगत जाते, लांबचं कुत्रं जवळ येतं, दादाची खुर्ची करकरते. आवाज कमी झाला की ते यंत्र आपणहून कान टवकारायचं. आम्ही एवढा जीव मुठीत धरून पाळलेली शांतता त्या कॅसेटवर सगळ्यात मोठ्यानं ऐकू येते.

तर कारखान्याचा दुसरा टप्पा येऊ घातलाय आणि त्याला विरोध म्हणून सह्या गोळा होताहेत. कंपनीच्या अहवालात आहे, की रात्रीचा आवाज जेमतेम 3 डेसिबलनं वाढेल. त्या 'जेमतेम'वर मी अडलो. अहवाल खोटं बोलत नाही; कानाला 3 डेसिबलचा फरक जेमतेमच कळतो. पण 3 डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट. आज जेवढी गुणगुण आहे तेवढीच आणखी एक तिच्या शेजारी आणून ठेवायची. मग तिसरा टप्पा. तोही जेमतेमच असणार.

मला वाटलं, माझी रिकामी मिनिटं पुरावा म्हणून द्यावीत. समितीतल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी शांतपणे विचारलं, "गेन किती ठेवला होता?" गेन म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते. माझा दर वेळी वेगळा. माइकसुद्धा मध्ये दोनदा बदललेला. मग ते आकडे एकमेकांशी ताडून बघणार कसे? त्यांचं बरोबर होतं. मी पेनड्राइव्ह परत खिशात टाकला.

संध्याकाळी सह्या घेणारी मुलगी आली. हरकतीच्या अर्जावर 'आपण कसे बाधित होता' असा रकाना होता. मी लिहिलं, "रात्री गाणं रेकॉर्ड करता येत नाही." तिनं वाचलं, हसू आवरलं. "काका, खालच्या घरातल्या आजींना दम्यामुळे रात्रभर बसून राहावं लागतं. त्यांच्या अर्जाखाली तुमचा लागणार आहे."

मी ते खोडलं आणि 'धूळ' लिहिलं.