आमची वाटचाल: दुसऱ्या प्रतीचा कांदा आणि आमचा फोर्क

आमचं ऑफिस सानपाड्यात, माणसं पाच. काम तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या आडत्यांच्या बिलिंग प्रोग्रामचं. माल विकला की शेतकऱ्याला पट्टी जाते: गोण्या, वजन, दर, हमाली, तोलाई आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. त्या कागदावर गावाकडचं घर विश्वास ठेवतं, म्हणून त्यातलं एक अक्षरही चुकू नये असं मला मनापासून वाटतं.

बिलिंगचा पाया मात्र आमचा नाही. एमआयटी परवान्याचा एक ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, प्रोग्राम घेतला, त्याचा फोर्क केला, म्हणजे आपली वेगळी प्रत काढली, आणि त्यातच हवे तसे बदल करत गेलो. परवाना मोकळा, मूळ लेखकांची कॉपीराइट नोंद आणि परवान्याचा मजकूर ठेवला की झालं. दोन वर्षं छान गेली. मग मूळ प्रोग्रामात सुरक्षेची एक महत्त्वाची दुरुस्ती आली. ती आमच्या प्रतीत बसवायला दोघांचे तीन आठवडे गेले, कारण आम्ही ज्या फाइलींना हात लावला होता त्याच तिकडेही बदलल्या होत्या. फोर्क करायला एक मिनिट लागतं. त्याचा खर्च पुढच्या प्रत्येक आवृत्तीला येतो.

त्याच सुमारास एका गाळ्यावरून पट्टी परत आली. ‘दुसऱ्या प्रतीचा कांदा’ यातला ‘ऱ्या’ सूर्यातल्या ‘र्या’सारखा छापला होता. दऱ्या आणि दर्या यांत जो फरक, तोच इथे पुसला गेला होता. शोधलं तेव्हा कळलं की काही कीबोर्ड हे अक्षर र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असं मिळून लिहितात. कॉपी-पेस्टमधला कचरा काढण्यासाठी मूळ प्रोग्राम सगळीच अदृश्य चिन्हं पुसत होता, त्यात हे जोडचिन्हही जात होतं.

आमच्या प्रतीत दुरुस्ती करायला अर्धा तास पुरला असता. पण ती मूळ प्रोग्रामाकडे पाठवावी असं मला वाटत होतं. माझा भागीदार, कॉलेजपासूनचा मित्र, म्हणाला, “अरे, आपण रात्री जागून शोधायचं आणि जगाला फुकट द्यायचं? 2010 ला ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस वेगळं झालंच ना, काय बिघडलं?” प्रश्न रास्त होता. पण लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-प्रोग्राममागे ओपनऑफिसमधलेच अनेक अनुभवी हात होते. आम्ही पाच, त्यातला एक वसुलीला जातो.

शेवटी दुरुस्ती मूळ प्रोग्रामाकडेच पाठवली. तो प्रोग्राम सांभाळणाऱ्या मेंटेनरनी पहिल्यांदा ती परत केली. अदृश्य चिन्हांआडून खोटी नावं घुसतात, ही त्यांची भीती खरीच होती. मग आम्ही आरएफसी 5892 हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज दाखवला. डोमेन नावांसाठीच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांसाठीच्या, या 2010 च्या दस्तऐवजात नियमच आहे: हलन्तानंतर आलेलं जोडचिन्ह चालतं. तेवढंच राखायचं, बाकी पुसायचं. सिंहली लिपीतला ‘श्री’सुद्धा याच चिन्हावर उभा असतो, हेही टेस्टमध्ये, म्हणजे दुरुस्ती तपासणाऱ्या कोडमध्ये, घातलं. अकरा ओळींची दुरुस्ती, चाळीस ओळींच्या टेस्ट. पुढच्या आवृत्तीत ती आली आणि आता ती जपायची काळजी आमच्या एकट्याची राहिली नाही.

तेव्हापासून कुठला बदल कुठे जायचा, हे कोड लिहिण्याआधी ठरतं. कुठल्याही देशातल्या दुकानदाराला लागेल ते मूळ प्रोग्रामात. बाजारापुरतं असेल ते आमच्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे स्वतंत्र जोडभागात. 2016 साली भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली, तसा पट्टीचा एक रकानाच गेला. असले नियम परक्या मेंटेनरच्या गळ्यात मारणं मला अन्यायाचं वाटतं. ते मॉड्यूल आमचं, त्याचेच आम्ही पैसे घेतो.

जुन्या फोर्कमधले तीन बदल अजून अडकलेत. त्यातला लाखाचा स्वल्पविराम, 1,00,000 असा, सध्या मेंटेनरकडे तपासणीला आहे. त्यांनी आणखी दोन टेस्ट मागितल्यात. भागीदार त्याच लिहीत बसलाय.