फेब्रुवारीत मोजलेले गाव

2011च्या जनगणनेत प्रगणक म्हणून माझ्या वाट्याला लासलगावच्या कडेचा एक गट आला होता. सुमारे दीडशे घरांपैकी निम्मी गावठाणाला लागून होती आणि उरलेली मळ्यांत विखुरलेली होती. 9 ते 28 फेब्रुवारी या काळात शाळा सांभाळून, सकाळी लवकर आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर, मी ती घरे पायी आणि दुचाकीवरून फिरलो. त्या वीस दिवसांत मला आमच्या परिसराची जी ओळख झाली, ती त्याआधीच्या पंधरा वर्षांच्या नोकरीत झाली नव्हती. आता पुढची जनगणना जवळ आली आहे, म्हणून त्या वेळी जे दिसले आणि जे माझ्या हातून नीट नोंदवले गेले नाही, ते लिहून ठेवावेसे वाटते.

लासलगाव नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात आहे. 1947 साली येथे बाजार समिती स्थापन झाली, आणि कांद्याची मोठी बाजारपेठ म्हणून हे नाव देशभर पोहोचले. 2016 मध्ये लासलगावच्या कांद्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. बाहेरच्या माणसाला त्यामुळे हे शेतकऱ्यांचे गाव वाटते, आणि ते खरेही आहे. मात्र गावठाणातल्या घरांत जाऊन व्यवसायाचा रकाना भरू लागल्यावर शेतकरी हा शब्द फार थोड्या वेळा लिहावा लागला. हमाल, मापाडी, आडत्याच्या पेढीवरचे दिवाणजी, कांदा निवडणाऱ्या आणि गोण्या भरणाऱ्या बायका, ट्रकचालक, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे, खते आणि औषधे विकणारे, बारदान विकणारे, चहाच्या टपरीवाले, मारवाडी व्यापारी कुटुंबे, पंचवटी एक्सप्रेसचा पास काढून नाशिकला ये-जा करणारे नोकरदार, अशी ती वस्ती होती. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे ज्या गावाची लोकसंख्या निदान 5,000 आहे, घनता चौरस किलोमीटरला निदान 400 आहे आणि जेथील मुख्यतः काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान 75 टक्के शेतीबाहेर काम करतात, ते गाव ग्रामपंचायत असूनही शहरी म्हणून धरले जाते. बाजारपेठेची गावे या व्याख्येच्या उंबरठ्यावर उभी असतात. मला ही व्याख्या अपुरी वाटते, कारण ज्या हमालाच्या घरी एक गुंठाही जमीन नाही, त्याच्या घरातली चूलही कांद्याची आवक किती झाली यावरच पेटते. तो शेतीबाहेर आहे असे म्हणणे कागदावर बरोबर असले, तरी आवक थांबली की त्याची मजुरी त्याच दिवशी थांबते.

या गावाचा दिवस लिलावाच्या वेळेने चालतो. सकाळच्या लिलावासाठी काही शेतकरी पहाटेच ट्रॅक्टर जोडून निघतात, तर लांबून येणारे आदल्या रात्रीच येऊन ट्रॉलीखाली झोपतात. दिवसा गावात असलेली माणसे आणि रात्री गावात झोपणारी माणसे यांच्या संख्येत म्हणूनच मोठा फरक असतो, आणि जनगणना रात्रीचीच माणसे मोजते. अमावस्येला लिलाव बंद ठेवण्याची प्रथा अनेक वर्षे पाळली गेली, आणि त्या दिवशी गावातल्या खाणावळीही ओस पडत. शेतकऱ्यांच्या घरांत लग्नाच्या तारखा, घराचा स्लॅब, मुलीच्या महाविद्यालयाची फी, हे सगळे कांदा कधी निघेल आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, किती दिवस टिकेल यावर ठरते. खरिपाचा पोळ कांदा दिवाळीच्या आगेमागे येतो, त्यानंतर रांगडा येतो, आणि मार्चपासून निघणारा उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने ठेवता येतो. ज्याच्याकडे चाळ आहे तो भावाची वाट पाहू शकतो आणि ज्याच्याकडे नाही त्याला काढणी होताच विकावे लागते. माणसे मोजण्याआधी घरांची नोंद करणाऱ्या घरयादीच्या वेळी आम्ही छत पत्र्याचे की स्लॅबचे, घरात दूरचित्रवाणी, दुचाकी, मोबाइल आहे की नाही, हे सगळे विचारले, पण कांदाचाळ आहे का हा प्रश्न त्या तक्त्यात नव्हता. आमच्या भागातल्या कुटुंबाची ऐपत ओळखायला मी तोच प्रश्न पहिला विचारला असता.

फेब्रुवारी महिना आमच्याकडे सर्वांत गर्दीचा असतो. द्राक्षांची काढणी जोरात असते, रांगडा कांदा निघत असतो, उन्हाळ कांद्याची निंदणी चालू असते. सुरगाणा, पेठ आणि पश्चिमेकडच्या इतर डोंगराळ भागांतून आदिवासी मजुरांच्या टोळ्या भात झोडून झाल्यावर खाली उतरतात आणि लागवड, विरळणी, काढणी अशी कामे एकराच्या हिशेबाने उक्ती घेतात. द्राक्षबागेच्या बांधाला ताडपत्रीची पाले पडतात, त्यांत चूल असते, दोन-चार भांडी असतात, आणि मोठ्या बहिणीच्या कडेवर लहान भावंड असते. आमच्या नियमाप्रमाणे गणनेच्या संपूर्ण काळात जो माणूस आपल्या गावापासून दूर असेल, त्याची नोंद तो जेथे सापडेल तेथे करायची होती. म्हणून माझ्या गटात मी अकरा पालांतली माणसे मोजली. त्या वर्षी होळी 19 मार्चला होती, आणि डोंगरातल्या माणसाला होळीला घरी पोहोचायचेच असते. मार्चच्या मध्यापर्यंत त्या बांधांवर फक्त चुलीचे काळे दगड उरले होते. कागदावर मात्र ती माणसे पुढची कितीतरी वर्षे आमच्या तालुक्याची राहिली आणि त्यांच्या पाड्यांच्या आकड्यांतून तेवढी वजा झाली. पाण्याची योजना, अंगणवाडी आणि धान्याचा कोटा आखताना अशा आकड्यांचा आधार घेतला जातो, हे लक्षात घेतले म्हणजे या वजाबाकीचे गांभीर्य कळते. स्थलांतरित मुलांना जेथे जातील तेथील शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक दिले जाते. आमच्या शाळेत असे पत्रक घेऊन आलेली मुले मी शिकवली आहेत, आणि ते न घेताच आलेली त्यांहून अधिक मुले बांधावर खेळताना पाहिली आहेत.

सर्वांत जास्त सल राहिला आहे तो बायकांच्या कामाच्या रकान्याचा. मळ्यातल्या घरी गेल्यावर बहुधा पुरुषच उत्तरे देत. घरातली बाई काय करते असे विचारले की ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर येई. प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितले होते की अशा वेळी थांबायचे, खोदून विचारायचे, आणि घरच्या शेतात बिनमजुरीने केलेले कामही काम म्हणून धरायचे. वर्षात 183 दिवस किंवा अधिक काम केले असेल तर मुख्य कामकरी आणि त्याहून कमी असेल तर सीमान्तिक, असा तो नियम होता. पहिल्या काही दिवसांत अंधार पडू लागला की मी तेवढा थांबलो नाही. मग एका वस्तीवर उत्तर देणाऱ्या आजोबांच्या मागे त्यांची सून कांद्याची पात कापत बसली होती. तिच्या हातातला विळा क्षणभरही थांबला नव्हता, आणि आजोबा मला सांगत होते की ती घरीच असते. मी तिला थेट विचारले. ‘उळे टाकण्यापासून चाळ भरेपर्यंत सगळं आम्हीच करतो की, गुरुजी,’ ती म्हणाली. उळे म्हणजे कांद्याचे बी. त्या संध्याकाळपासून मी प्रत्येक घरी बाईलाच विचारू लागलो, आणि माझ्या तक्त्यातला शेतकरी स्त्रियांचा आकडा एकदम वाढला. आधी झालेल्या घरांपैकी जेवढ्यांकडे पुन्हा जाता आले तेवढ्यांकडे गेलो, सगळ्यांकडे जाणे झाले नाही.

आमच्यापासून जवळच असलेल्या चांदवडला 1986 साली शेतकरी संघटनेने महिलांचे मोठे अधिवेशन भरवले होते. पुढे त्याच विचारातून, घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. तिची आठवण मला 2023 मध्ये फार झाली. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव कोसळल्यावर राज्य सरकारने क्विंटलला 350 रुपये, 200 क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान जाहीर केले, आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद असणे ही त्याची अट होती. पीक जिने घेतले तिचे नाव उताऱ्यावर नाही, आणि ज्याचे नाव आहे तो कधीच नाशिकला राहायला गेला, अशा घरांतली धावपळ मी पाहिली. वाट्याने जमीन कसणाऱ्यांचे हाल तर त्याहून वाईट होते.

जमिनीचे तुकडे होत आहेत हे सांगायला आकड्यांची गरज नाही, तरी राज्याचा आकडा डोळ्यांसमोर असावा. 1970-71 मध्ये महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र 4.28 हेक्टर होते आणि 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टरवर आले. आमच्या घरांत याचा अर्थ असा झाला की दोन भावांपैकी एकाने शेती करायची आणि दुसऱ्याने नोकरी शोधायची. शेती करणाऱ्या मुलाचे लग्न जमत नाही, ही गोष्ट आता प्रत्येक वस्तीवर दबक्या आवाजात बोलली जाते. तिशी ओलांडलेले, कष्टाळू, निर्व्यसनी, दोन एकर बाग उत्तम सांभाळणारे माझे विद्यार्थी पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसलेले मी पाहिले आहेत. मुली दहावी-बारावीनंतर नाशिकला शिकायला जातात आणि त्यांना पुन्हा पहाटे पाच वाजता कांदा उपटायला यायचे नसते. आईचे आयुष्य त्यांनी जवळून पाहिलेले आहे, त्यामुळे मी त्यांना दोष देऊ शकत नाही. शिवाय 2011 मध्ये जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्रमाण हजार मुलग्यांमागे 890 मुली असे होते. ती मुले आता लग्नाच्या वयाला येत आहेत.

नवी जनगणना 1 मार्च 2027 हा संदर्भ दिनांक धरून होणार आहे, म्हणजे पुन्हा तोच महिना आणि पुन्हा तीच गर्दी. माहिती मोबाइलवर भरायची आहे आणि या वेळी प्रत्येकाची जातही विचारली जाणार आहे. माझ्यासोबत काम करतील अशा तरुण शिक्षकांना मी माझा जुना नजरी नकाशा दाखवतो. 2010च्या उन्हाळ्यात घरयादीच्या वेळी तो मी हाताने काढला होता, आणि त्याची कच्ची प्रत माझ्याजवळ राहिली आहे. पक्क्या घराला चौकोन आणि कच्च्या घराला त्रिकोण अशी खूण होती. गावठाणात चौकोन दाटीने आहेत, आणि मळ्यांकडे जाणाऱ्या वाटांवर ते दूर दूर आहेत. उन्हाळ्यात टोळ्या डोंगरात परतलेल्या असतात, म्हणून द्राक्षबागांच्या बांधांवर तेव्हा काही नव्हते. पुढच्या फेब्रुवारीत मी तेथे पेन्सिलीने अकरा त्रिकोण काढले. त्यांतले काही आता पुसट झाले आहेत.